दत्तारामांचा यंत्रहात आणि अध्यक्षांचा वडा

परळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दत्ताराम वर्कशॉप शिकवत. वडील गिरणीत विणकर. तिथं मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येईना, म्हणून माणसं हातवाऱ्यांनीच बोलत. ती सवय घरी आली, ती राहिलीच. दत्ताराम आमटीसुद्धा बोटांनी मागत. बायको म्हणायची, "अवो, हंय खंय माग चलतत? तोंडान सांगा!"

तर झालं काय, कॉलेजात नवी लॅब आली. लेथ गेले, कॉम्प्युटर आले, आणि टेबलावर बसला एक यंत्राचा हात. त्याला कॅमेऱ्याचा डोळा. लाल वस्तू दिसली की उचलायची, डब्यात टाकायची, एवढंच त्याचं काम.

प्राचार्या वैदेही मॅडम म्हणाल्या, "दत्ताराम, नवी लॅब तपासायला कमिटी येतेय, तिच्यापुढे हा तुम्ही चालवून दाखवा. नाही जमलं, तर मला तुम्हाला स्टोअररूममध्ये पाठवावं लागेल."

स्टोअररूम! तिथं गप्पा मारायच्या तर झुरळांशी!

मग दत्ताराम शिकायला बसले, आणि त्यांना शिकवलं प्रितीनं. या विद्यार्थिनीला ऐकू येत नसे, पण दत्तारामांचे हातवारे तिला पहिल्याच दिवशी कळले. दोघं अशी काही हात उडवायची की पोरं विचारत, "सर, शिकताय की भांडताय?"

कमिटी आली नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. यंत्राच्या गळ्यात झेंडूचा हार होताच. दत्तारामांनी बटण दाबलं. हातानं लाल चेंडू उचलला. शाब्बास! मग हिरवा उचलला. मग पांढरा. मग कमिटीच्या अध्यक्षांचा टेबलावरचा चष्मा, आणि पाठोपाठ त्यांच्या बशीतला बटाटावडा!

"अहो, वडा! थांबवा त्याला!" अध्यक्ष ओरडले.

दत्तारामांना डोळ्यांपुढे झुरळं दिसू लागली. तेवढ्यात मागून प्रिती, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं, कपाळावर बोट टेकवून खुणावत होती. टिळा! टिळा!

अगो बाय! खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा करताना दत्तारामांनी यंत्रालाही कुंकू लावलं होतं. पण या बाबाला कपाळ कुठलं? म्हणून लावलं थेट डोळ्यालाच, चांगलं बोटभर ओलं. आता त्याला अख्खं जग लालच दिसणार की!

त्यांनी शर्टाच्या टोकानं भिंग पुसलं. हात लगेच शहाण्यासारखा लाल चेंडू तेवढे वेचू लागला.

अध्यक्षांनी डब्यातून चष्मा काढून नाकावर चढवला. "काय बिघडलं होतं हो?"

दत्ताराम घाबरून हातांनीच सांगत सुटले. कमिटीला ओ की ठो कळेना. प्रितीनं फळ्यावर लिहिलं, "पूजा जास्त झाली."

वैदेही मॅडमनी हसू दाबलं. "दत्ताराम, तुम्ही लॅबमध्येच राहा. स्टोअररूममध्ये कुंकवाचा करंडा पाठवू."

दत्तारामांनी बोटांनीच 'बरं' म्हटलं आणि डब्यातला वडा हळूच प्रितीकडे सरकवला.