वत्सलाबाई पाळण्यात बसतात

आष्टीकडच्या वत्सलाबाईंना पन्नाशीत एकच खूळ लागलं होतं: आकाशपाळण्यात बसायचं. दर हंगामाला ऊस तोडायला बाहेर पडायचं, वाटेत जत्रा लागायच्या, आणि पाळणा आपला लांबूनच फिरायचा. यंदा मात्र माजलगावच्या अलीकडं, उसाच्या फडाला लागूनच जत्रा भरली. मुकादम मोहनरावांनी टोळीला सांगितलं, "दुपारच्या आत ट्रक भरा, सुट्टी देतो. न्हाई तर न्हाई."

झालं! बाईंच्या अंगात वारं शिरलं.

युक्त्यांचं तर त्यांच्याकडं दुकानच होतं, पण आजवर त्या कुणाला सांगायच्या नाहीत, नुसत्या मिरवायच्या. आज ट्रक सगळ्यांनी मिळून भरायचा, मग करता काय? तोंड उघडलं.

"मनिषा, उसाच्या पात्यानं हात कापला म्हणून कण्हतीस कावून? नवऱ्याच्या जुन्या पँटीच्या तंगड्या काप अन् घाल हातात! अन् परमेश्वर, मोळी बांधायला उसाच्या शेंड्याचे वाढे आधी अंथर, मग ऊस तोड. मागनं हुडकत बसू नगं."

चुंबळीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायला लावली, म्हणजे डोक्यावरची मोळी घसरत नाही. ट्रकला लावलेली फळी दवानं निसरडी झाली होती, तिच्यावर चुलीतली राख पसरली. पाण्याच्या बाटलीवर ओला मोजा चढवून ती बाभळीला टांगली. वारं लागलं की पाणी गारेगार! मोजा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. बाईंचे मालक त्रिंबकराव एकाच पायात मोजा घालून हिंडत होते.

ऊन डोक्यावर यायच्या आत ट्रक गच्च भरला. मोहनरावांनी दोर ओढून बघितला, खोट काही सापडेना.

बाई मालकांना ओढतच जत्रेत घेऊन गेल्या. पाळण्याच्या तिकीटखिडकीवर पोरानं दोन तिकिटं फाडली तशा त्या उखडल्या.

"दोन कावून रं? आमी दोघं म्हंजी एक कोयता!"

टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता मानतात. लग्न झाल्यापासून बाई तशाच मोजल्या गेल्या होत्या.

पोरगं चक्रावलं. "कोयता कसला मावशी? माणसं दोन, तिकिटं दोन."

बाईंनी दोन्ही तिकिटांकडं बघितलं. मग खुदकन हसल्या आणि मालकांना कोपर मारून म्हणाल्या, "ऐकलं का? मी बी येगळी हाय म्हणं!" आपलं तिकीट त्यांनी आपल्याच मुठीत धरलं. त्रिंबकरावांना हात लावू दिला नाही.

पाळणा वर चढला. त्रिंबकरावांनी डोळे गच्च मिटले. "अगं, कायतरी युक्ती सांग की!"

"युक्ती न्हाई, नुसतं वरडा!" असं म्हणून बाई अशा काही ओरडल्या, की खाली रेवडीवाला दचकला. लई मजा आली त्यांना, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

खाली उतरल्यावर त्रिंबकराव जमिनीवरच बसले. बाईंनी पदर खोचला, त्यांना तिथंच सोडलं आणि सरळ खिडकी गाठली.

"एक दे," त्या म्हणाल्या. "माझं."