तिमाही प्रगतीचा रकाना

विशेष मुलांना शिकवणाऱ्या चार बायका अंधेरीतल्या एका सेंटरवर डबा खायला बसल्या की किस्से निघतातच. आमच्यात एक नियम आहे, किस्सा सांगून झाल्यावर 'खरंच?' असं विचारायचं नाही.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाचा प्रगती-अहवाल ॲपवर भरावा लागतो. तो पालकांच्या मोबाईलवर जातो आणि वरच्या ऑफिसातही. त्यात 'मूल आहे तिथेच आहे' असा पर्यायच नाही! मग मागचा रिपोर्ट उघडायचा आणि एक पायरी वर चढवायची. सगळ्या तेच करतात, मीही करते.

घाटकोपरच्या एका वडिलांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाले, "टीचर, हा मुलगा कुठे असतो? मला भेटायचंय."

आमच्या इन्चार्ज डिसोझा मॅडमनी एकाबद्दल ठोकून दिलं होतं, 'सांगितल्यावर गोल काढतो.' त्याने कधी खडू हातात धरला नव्हता. तपासणीला साहेब आले आणि म्हणाले, काढ. त्याने काढला. साहेब जाईपर्यंत काढतच राहिला. त्यानंतर आजतागायत खडूला शिवलेला नाही. मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग माझी मैत्रीण वैशाली. तिने घाईत मुलुंडच्या एकाचा रिपोर्ट बोरिवलीच्या दुसऱ्याच मुलाच्या नावावर टाकला. आठवड्याने बोरिवलीहून आईचा फोन आला. पोरगा बाहेर पडताना पंखा बंद करायला लागलाय, हे कोणी शिकवलं? मुलुंडच्या रिपोर्टात नेमकं तेच लिहिलं होतं. आम्ही हसलो, पण वैशालीचा चेहरा उतरला होता. तेव्हापासून मॅडम प्रत्येकीला बजावतात, "जपून लिही गं."

आता माझा किस्सा.

यंदा फर्मान निघालं की सगळे रिपोर्ट पालकांच्या सभेत मोठ्याने वाचायचे. म्हणून मी यादी तपासायला घेतली. वाकोल्याची सायली, अकरा वर्षांची, बोलत नाही, घरीच असते, तिला घरी जाऊन शिकवायचं. तिच्याकडे वर्षभर कोणी फिरकलं नव्हतं, मीसुद्धा नाही. रिपोर्ट मात्र मी वेळेवर चढवत होते.

गेले, तर भिंतीवर हार घातलेला फोटो. मुलगी जाऊन दहा महिने झाले होते. मला लाजेने मान वर करवेना. मी म्हटलं, माफ करा, आजच नाव काढते.

आईने खिडकीतला कंगवा उचलून माझ्या हातात दिला. त्यात लांब केस अडकले होते. तिचे स्वतःचे केस आखूड आणि पांढरे.

"मागच्या वेळी तुम्ही लिहिलंत, स्वतः केस विंचरते," ती म्हणाली. "नाव काढू नका टीचर. आता पुढचं लिहा ना. आईला हाक मारते, एवढंच लिहा."

मी तिच्यासमोरच लिहिलं आणि पाठवलं.

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मला करायचा धीर होत नाही.