जावईबापूंचं विमान

आता चहा पुढ्यात आहे आणि माणसं आपलीच आहेत म्हणून सांगतो. नाहीतर शुक्रवार पेठेत हा विषय निघाला की मी चप्पल शोधायला लागतो.

माझं सात रस्ता चौकाजवळ शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. गेल्या दिवाळीत आमच्या राजश्रीचा पहिला दिवाळसण होता. राजश्री म्हणजे आमची एकुलती एक लेक. नोकरी पुण्यात, जावई महेशराव पण तिकडचेच. जावयाला काय द्यावं म्हणून मी तिलाच फोन लावला. अंगठी म्हणालो, घड्याळ म्हणालो. ती म्हणाली, "अप्पा, सोनंबिनं नको. द्यायचंच असेल तर रिमोटवर उडणारं विमान द्या. ऍरोबॅटिक, म्हणजे कसरती करणारं. मध्यम आकाराचं."

मी विचारलं, "पण उडवता येतं का?"

"येतं की. दोन वर्षं झाली. गिरक्या, कोलांट्या, उलटं उडवणं, सगळं जमतंय आता."

आता तुम्हीच सांगा, या बोलण्यात कोण उडवतंय ते कुठं आलं? आपल्या मराठीत कर्ता गाळून बोलायची सोय आहे ना, तिनं माझा घात केला. मी समजलो, जावईबापू उडवतात. बिचारे भिडस्त, स्वतः मागायला लाजतात, म्हणून बायकोच्या तोंडून वदवलं.

मग मी निवडायला बसलो. पुण्यातल्या एका दुकानदाराचा नंबर मिळवला आणि तीन आठवडे त्याला पिडलं. बायकोला काही विचारलं नाही. यंत्रातलं तिला काय कळणार, हा माझा त्या वेळचा विचार.

पहिला प्रश्न मापाचा. मध्यम म्हणजे नक्की किती? आमच्या धंद्यात मध्यम म्हणजे बत्तीस नंबर. तो म्हणाला, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा मीटर धरा. मी कटिंगच्या टेबलावर खडूनं विमान आखलं. एक पंख टेबलाबाहेर गेला. आमचा कारागीर बराच वेळ बघत राहिला आणि त्यानं विचारलं, हा गणवेश कोणत्या शाळेचा.

दुसरा प्रश्न, फोमचं की लाकडाचं? तो समजावत होता की फोमचं आपटलं तरी चिकटवता येतं. हलक्या लाकडाचं जास्त सुरेख उडतं, पण पडलं की काड्यापेटी. फोमचा फोटो बघून मला थर्मोकोल आठवला. पहिल्या दिवाळसणाला जावयाला थर्मोकोल द्यायचा? मी म्हटलं लाकडाचंच द्या, आमचे जावई पाडणाऱ्यातले नाहीत.

मग त्यानं विचारलं, उडवणाऱ्याचा हात कसा आहे, सावकाश की झटक्याचा? महेशरावांना मी लग्नात जिलेबी उचलताना बघितलं होतं. एकदम सावकाश, अंदाज घेऊन. तेच सांगितलं. त्यानं पुढचा प्रश्न रंगाचा काढला.

रंग वरून नारिंगी आणि खालून काळेपांढरे पट्टे घेतले. आकाशात विमान सुलटं आहे की उलटं, ते उडवणाऱ्याला खालून कळावं म्हणून असं असतं. रिमोटही घेतला. दुकानदारानं सगळं जुळवून खोकं पाठवलं.

पाडव्याच्या सकाळी कुंभारीला, आमच्या साडूंच्या वस्तीवर जायचं ठरलं. तिथं मोकळा माळ आहे. चारचौघांत उडवून झालं की चहा आणि मग जेवण. चारचौघं म्हणता म्हणता तीसेक पाहुणे जमले, दोन आज्या खुर्च्या टाकून पुढं बसल्या. साडू बसवराज मला म्हणाले, "पाव्हणं, लई मोठं हाय की वो हे. माणूस बसतंय का आत?"

मी खोकं उघडलं. महेशरावांचा चेहरा खुलला. त्यांनी भराभर पंख जोडले, बॅटरी बसवली, शेपटीच्या पट्ट्या हलवून बघितल्या. मी सगळ्यांकडं अभिमानानं बघितलं. एवढं झाल्यावर ते म्हणाले, "मामा, राजश्रीला बोलावतो."

राजश्री वस्तीवर मावशीबरोबर चहाचं बघत होती. मी म्हणालो, "बायकोला विचारून उडवणार का?"

सगळी माणसं हसली. महेशराव लाल झाले. त्यांनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला, दोनदा मी त्यांना मधेच तोडलं आणि रिमोट त्यांच्या हातात कोंबला. तीस माणसांपुढं नाही कसं म्हणणार? त्यांनी डोळे मिटल्यासारखे केले आणि दांडी पुढं सरकवली.

विमान जमिनीवर दहा पावलं पळालं आणि सरळ वर गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते वळलं आणि आमच्याकडंच यायला लागलं. मला वाटलं, सलामी देतायत. पण महेशराव पुटपुटत होते, "डावीकडं, डावीकडं," आणि विमान उजवीकडं, म्हणजे नेमकं आज्यांच्या रोखानं येत होतं. साडू शेजारच्या तुरीच्या रानात घुसले. मी खुर्चीमागं बसलो. खुर्चीत आजी होत्या, हे नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात चहाचा ट्रे आपटल्याचा आवाज आला. राजश्री साडी सावरत पळत आली आणि नवऱ्याच्या हातातला रिमोट तिनं ओढून घेतला. विमान आमच्या डोक्यावरून पट्टे आकाशाकडं करून, म्हणजे चक्क उलटं, निघून गेलं. पुढं जाऊन सुलटं झालं, एक गिरकी घेतली, तुरीवरून हळूच खाली आलं आणि तिच्या पायापासून चार हातांवर थांबलं.

राजश्रीनं आधी आज्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अप्पा, यांना का दिलं उडवायला?"

"मग कुणाला द्यायचं?"

"मी माझ्यासाठी मागितलं होतं. यांना नुसतं जोडता येतं."

महेशराव खाली बसून पाणी पीत होते. त्यांनी मान हलवली.

मी बायकोकडं वळलो. तिनं शांतपणे मोबाईल काढला. "तुम्ही मला विचारलंच नाही," म्हणाली, "आणि ग्रुप पण बघत नाही."

घरच्या ग्रुपवर लग्नानंतर महेशराव दर रविवारी एक व्हिडिओ टाकत होते. मी एकही उघडला नव्हता. नुसतं विमानाचं चित्र दिसलं की खाली शाबासकीचा अंगठा टाकायचो. शेवटच्या व्हिडिओखाली तर मी लिहिलं होतं, "व्वा जावईबापू, हात छान बसलाय तुमचा." त्याखाली त्यांचं उत्तर, "धन्यवाद मामा." मी त्यांना विचारलं, अहो, असं कसं लिहिलंत? ते म्हणाले, "तुम्ही एवढं कौतुकानं लिहिलं होतं, नाही कसं म्हणू?"

मग मी तिथंच माळावर बसून तो व्हिडिओ पहिल्यांदा पूर्ण बघितला. पहिल्यापासून राजश्रीच. गळ्यात रिमोट, डोक्यावर टोपी. विमान उतरतं, ते उचलून ती कॅमेऱ्याजवळ येते आणि विचारते, "अप्पा, बघितलं का?"

मग मी मागचे सगळे उघडले. प्रत्येकाच्या शेवटी तिचं तेच वाक्य. आणि प्रत्येकाखाली माझा अंगठा.