अक्काच्या बरणीतलं पाणी

तात्या पोतनिसांना सारे उज्जैन ओळखत होते असे म्हणणे धाडसाचे होईल. माधवनगरातली एक गल्ली आणि जमीन-नोंदीचे दफ्तर, एवढीच त्यांची ओळख. मात्र तिथे त्यांचा एक गुण सर्वांना पाठ होता. दूधवाल्यासमोर बोट बुडवून ते दूध पारखत. देवळात तीर्थ हातावर घेतले की आधी वास घेत, मग पीत. पोस्टमनने पत्र दिले की लखोटा उलटसुलट करून, कुणी फोडून पुन्हा चिकटवला तर नाही ना, हे बघत. पूर्वज शिंद्यांच्या खजिन्यावर होते. "संशय आमच्या रक्तातच आहे," असे ते काहीशा अभिमानाने सांगत.

बायको गेल्यावर थोरली बहीण अक्का देवासहून घर सांभाळायला आली. तिने पाहिले की यज्ञू (ती त्यांना यज्ञू म्हणे) दोन पोळ्या खातो आणि तासभर ढेकर देतो. बारा वर्षांचे दुखणे होते. वैद्य झाले, डॉक्टर झाले.

शेजारी फाळणीनंतर आलेले एक कुटुंब राहत होते. त्यातल्या म्हातारीला गल्ली मुलतानवाली म्हणे. तिच्याकडून अक्का एक नवीन गोष्ट शिकली. गाजरांच्या लांब फोडी करायच्या, चिनी मातीच्या बरणीत उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायच्या, वर कुटलेली राई, मीठ, थोडे तिखट. तोंडाला फडके बांधून बरणी चार-पाच दिवस उन्हात ठेवायची.

पहिला पेला तात्यांनी उजेडात धरला.

"हे काय?"

"कांजी. जेवणाआधी अर्धा पेला. पोट हलकं होतं, भूक लागते."

"कुणी सांगितलं?"

"मुलतानवालीनं."

"आणि तिला कुणी सांगितलं?"

"यज्ञू, पितोस की ओतू मोरीत?"

तात्या प्याले. आंबट, झणझणीत, नाकात जाणारे पाणी. पंधरा दिवसांत ढेकर कमी झाले, तिसरी पोळी पानात आली. दुसरा कुणी खूश झाला असता. तात्या जास्तच सावध झाले. जे डॉक्टरांना जमले नाही ते गाजराच्या पाण्याला कसे जमते?

"अक्का, खरं सांग. यात आणखी काय असतं?"

"काही नसतं. राईनं पाणी आंबतं, आंबलेलं पचनाला बरं. यात जादू नाही आणि विषही नाही. खोकला झाला की बंद करायची, बुरशी दिसली की फेकायची. एवढंच शास्त्र."

तात्यांनी मान हलवली, पण पटले नव्हते.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात मध्यभारत राज्य संपले, नवीन मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. दफ्तरे हलू लागली. तात्या एकोणीस वर्षे कच्चे कारकून होते. आता कळले की डॉक्टरी तपासणीत जो पास होईल त्याला पक्के करून भोपाळला पाठवणार. तपासणी हुकली तर पुन्हा कधी, याचा भरवसा नव्हता. तात्यांना ही जागा हवीच होती.

त्याच दिवसांत अक्का एकदा बोलून गेली, "भोपाळला तळं आहे म्हणतात. मला तळं काय करायचंय? माझं रामघाटावरचं स्नान सुटेल."

दफ्तरात शेजारच्या टेबलावरचा दिलीप चिमटे काढण्यात पटाईत. तात्यांकडून हे ऐकून तो म्हणाला, "तात्या, आपला शत्रू बाहेर कुठे असतो? घरात कोण जायला तयार नाही, ते आधी बघा."

तो गमतीने बोलला. तात्यांनी ते घरी नेले.

तपासणीच्या आदल्या दिवशी पानाजवळ कांजी आली, तिचा रंग निराळा होता. एरवी फिकी नारिंगी. आज गडद लाल.

"रंग का बदलला?"

"रंगाचं तुला काय करायचंय? पी," अक्का म्हणाली आणि पटकन स्वयंपाकघरात गेली.

ती नजर चुकवून गेली, हे तात्यांनी टिपले. तरी सवयीने प्याले. बरी लागली म्हणून आणखी अर्धा पेला घेतला.

सकाळची लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन या, असे सरकारी दवाखान्यातून सांगितले होते. सकाळी तात्यांनी बाटली भरली आणि उजेडात धरली. बाटली लाल होती.

सगळे एकदम जुळले. भोपाळ, रामघाट, बदललेला रंग, चुकवलेली नजर. सख्ख्या बहिणीने आपल्याला नापास करायला काहीतरी पाजले! बाटली मोरीत रिकामी करून त्यांनी तीनदा धुतली आणि चहा न घेता घराबाहेर पडले.

देवास गेटजवळ त्यांच्या दिवंगत बायकोचा भाऊ गोपाळ राहत असे. तो बसअड्ड्यावर कारकून, धिप्पाड, हसरा, कधी आजारी न पडलेला. सकाळचे पोहे-जलेबी त्याचे नुकतेच आले होते.

"गोपाळ, ही बाटली भरून दे. का ते विचारू नकोस."

गोपाळने बाटली पाहिली, तात्यांकडे पाहिले. "भाऊजी, नोकरी तुमची आणि माल माझा?"

"हसू नकोस. दवाखाना उघडतोय."

"देतो बाबा, देतो. आपल्याकडे काय तोटा? हल्ली तर सारखाच जातो," असे म्हणून गोपाळ तांब्याभर पाणी घटाघटा प्याला आणि बाटली घेऊन परसात गेला.

दवाखान्यात कंपाउंडरने निळे औषध नळीत घेतले, बाटलीतले थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली. निळे हिरवट झाले, मग पिवळे, मग विटेसारखे लाल.

"पोतनीसजी," डॉक्टर म्हणाले, "आपको तो शक्कर है. वह भी काफ़ी. मैं पास नहीं कर सकता."

तात्यांच्या मनात पहिल्यांदा आले की कंपाउंडर दिलीपला सामील आहे. मग बाटली कुणाची ते आठवले. गोपाळचा तांब्या आठवला, त्याचे "सारखाच जातो" आठवले.

त्यांनी तो दिवस तसाच काढला. खरे सांगावे तर लबाडी उघडी पडणार, नोकरीच जायची. न सांगावे तर आपण नापास, आणि गोपाळ रोज जलेबी खात राहणार. त्याला परस्पर सांगावे म्हटले, तर तो हसण्यावारी नेणार. अक्काने वाढलेल्या ताटाला तात्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या सकाळी ते गोपाळला ओढतच दवाखान्यात घेऊन गेले आणि डॉक्टरांपुढे सगळे बोलून टाकले. बहिणीचे सोडून.

डॉक्टर चिडले, टेबलावर हात आपटला. मग दोघांना एकेक बाटली देऊन म्हणाले, "यहीं, मेरे सामने."

गोपाळबद्दलची शंका खरी ठरली, साखर त्याच्याच बाटलीत निघाली. तात्यांची बाटली अजून गुलाबी होती. डॉक्टरांनी थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला.

"ख़ून नहीं है. परसों क्या खाया था?"

"खाने का क्या संबंध?" तात्यांनी संशयाने विचारले.

"चुकंदर खाया था?"

"छे! मी बिटाला शिवत नाही. मातीचा वास येतो त्याला." मग ते थांबले. "कांजी पी थी. लाल थी."

डॉक्टर हसायला लागले. "कुछ लोगों में उसका रंग उतर आता है. डरने की बात नहीं. हाज़मे के लिए पियो, मर्ज़ी तुम्हारी. लेकिन गोपाळजी, कांजी से शक्कर नहीं जाती, आप इलाज कराइए. और पोतनीसजी, बेईमानी की सज़ा यह कि आठ दिन बाद आइए. तब लिखूँगा."

आठ दिवसांनी तात्या पास झाले. तोवर पहिली यादी निघून गेली होती. दिलीप पहिल्या यादीत, तात्या दुसऱ्या. तात्या वीस वर्षांनी मोठे, तरी ज्येष्ठता यादीवरून ठरली आणि निवृत्त होईपर्यंत ते दिलीपच्या हाताखाली राहिले. गोपाळने मात्र जलेबी सोडली, सुई घेऊ लागला, आणि तात्यांनंतरही बरीच वर्षे जगला.

हे सगळे पुढचे. गोपाळच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्यातून आल्या आल्या तात्यांनी अक्काला गाठले.

"घातलं होतंस ना काहीतरी?"

"घातलं होतं. बीट. गाजरं पानचट निघाली. तू नाक मुरडशील म्हणून बोलले नाही."

"म्हणजे माझा संशय खरा होता!"

अक्काने हातातले काम खाली ठेवले. "यज्ञू, मी काय घातलं असेल असं वाटलं तुला?"

तात्यांची नजर बरणीकडे वळली. अक्काला तेवढ्यावरून कळले. ती आत गेली, बरणी घासून आणली, गाजरे, सुरी आणि खलबत्ता त्यांच्यापुढे ठेवला.

"भोपाळला मी येईन. स्वयंपाक करीन. पण कांजी यापुढे तू करायचीस. सगळं तुझ्याच हातानं."

तात्यांनी फोडी केल्या. मग राईची पुडी सोडली, चिमूटभर तळहातावर घेऊन उजेडात धरली.

"अक्का, ही कुणाकडून आणलीस?"