हुफनागेलांच्या घरातलं पुस्तक

“अगं, एक पान! एकच पान म्हणतोय मी. ते निघालं म्हणून त्या बाईचं काय अडणार आहे?”

एवाल्डने टेबलावर मूठ आपटली, तशी उकडलेल्या बटाट्यांची परात थरथरली. गेर्लिंडेने परात सावरली नाही. तिने दोन्ही हात ॲप्रनच्या पुढच्या मोठ्या खिशावर दाबून धरले. खिशात पुस्तक होतं.

“हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“शेजाऱ्यांची भीती आत्ता वाटायला लागली होय तुला? एकोणीस वर्षं त्यांच्या माळ्यांवर चढलीस, तेव्हा नाही वाटली!”

“वाटत होती,” ती म्हणाली. “रोज वाटत होती.”

खिडकीजवळच्या खुर्चीत एवाल्डची आई बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे एका डोळ्यावर पांढरी पट्टी. नातवंडं झाल्यापासून घरात तिला सगळे ओमाच, म्हणजे आजीच म्हणत, सूनसुद्धा.

“ओमा, तुम्ही तरी सांगा याला.”

“मी कशाला सांगू? त्या दिवशी मुकाट्यानं आंधळ्यासारखं मीच खरडलं असतं तर हे झालंच नसतं. सुनेला मान द्यायला गेले, आणि सुनेनं घराला काडी लावली.”

“काडीचं नाव काढू नका,” गेर्लिंडे म्हणाली. कोपऱ्यातली लाकडाची शेगडी धडधडत होती. शनिवारपासून ती त्या शेगडीकडे पाठ करून उभी राहत नव्हती. पुस्तक खाली ठेवत नव्हती. न्हाणीघरात जाताना घेऊन जात होती, झोपताना उशाखाली घेत होती, आणि आपल्याच घरात आपण चोरासारख्या वावरतोय याची तिला लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

झालं होतं ते असं. हुफनागेलांच्या घरात एक जाडजूड पुस्तक होतं, तपकिरी चामड्याचं, पितळी कडी लावलेलं. ओमाच्या कपाटात, चादरींच्या खाली, तागाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. घरात मूल जन्मलं, त्याचा बाप्तिस्मा झाला, की चर्चमधून आल्यावर कॉफी आणि केकच्या आधी ते बाहेर निघे. ओमा पहिलं पान उघडी आणि चांगल्या पेनने मुलाचं नाव नि तारीख लिही. आत छापलेली अक्षरं कुणाला लागत नसत. जुनं बायबल असणार, ग्रीकमध्ये असेल, फादरना वाचता येत असेल, एवढंच सगळे धरून चालले होते. पहिल्या पानाच्या पुढे कुणी कधी गेलं नव्हतं. गेर्लिंडे पलीकडच्या खोऱ्यातून सून म्हणून आलेली. पस्तीस वर्षांत तिचा हात त्या पुस्तकाला लागला नव्हता. स्वतःच्या लेकीचं नाव लिहिलं जाताना ती टेबलाच्या पलीकडे केकची सुरी घेऊन उभी होती.

गेल्या शनिवारी नातीचा बाप्तिस्मा झाला. ओमाला एका डोळ्याने दिसेना. “घे, आता तूच लिही,” ती म्हणाली, आणि सगळे गप्प झाले, कारण हा लहान मान नव्हता. गेर्लिंडेने हात पुसले, पुस्तक घेतलं, आणि उलट बाजूने उघडलं.

मुद्दाम नाही. हाताला सवयच लागली होती. हिब्रू पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात. आपलं पुस्तक जिथे संपतं तिथे त्यांचं सुरू होतं. अशी पुस्तकं एकोणीस वर्षं हाताळून तिची बोटं आपोआप त्या कडेला जात. त्या कडेला, छापील मजकुराच्या आधीच्या पानावर, जुन्या वळणाच्या सुरेख अक्षरात नावं होती. गावातल्या हिर्शमान या ज्यू घराण्यातल्या चार पिढ्यांचे जन्म. शेवटची दोन नावं: बेर्टा, १९२८. युलियुस, ९ फेब्रुवारी १९३७.

मग तिने पुस्तक दुसऱ्या बाजूला फिरवलं. जे पान हुफनागेल पहिलं समजत आले होते ते खरं तर शेवटचं, कोरं सोडलेलं पान होतं. त्यावर वरच ओमाच्या हातचं: अँटोन, ११ मे १९४२. एवाल्डचा थोरला भाऊ. त्याच वर्षी, त्याच वसंतात, हिर्शमानांना छावणीत धाडायला चौकातून चालवत स्टेशनवर नेलं होतं. गावातल्या ज्यू घरांची माहिती गेर्लिंडे एका वहीत उतरवत आली होती, त्यात ती तारीख होती. अँटोन जन्मला त्याच्या अडीच आठवडे आधीची.

तिने पेन खाली ठेवलं आणि केक कापला. नातीचं नाव लिहायचं राहिलं.

“उद्या अकरा वाजता नगरपालिकेत समारंभ, मेयर येणार, पेपरवाले येणार,” एवाल्ड बोलतच होता. “तुझी ती तिर्झाबाई, हिर्शमानांची नात, इस्राएलमधल्या हायफाहून येऊन हॉटेलात उतरलीय. अकरा पुस्तकं सापडली म्हणून तिला कळवलंस, ती अकरा दे. बारावं द्यायचंच असेल तर आमचं पान काढून दे. मी सुतार माणूस आहे, शिवणीला धक्का न लावता काढीन. हुफनागेलांचं नाव त्यावर आहे, माझं आहे, आपल्या लेकीचं, हाइकेचं आहे. उद्या पेपरात फोटो छापला तर? फायर ब्रिगेडच्या पोरांना मी काय तोंड दाखवू?”

“कापलेलं दिसतं, एवाल्ड. शिवणीत बोटभर कड राहते. मी तीन पुस्तकं पाहिलीत तशी. दर वेळी मनात म्हणाले, या घरातली माणसं घाबरली होती.”

“मग म्हणू दे तिला तसं! खोटं आहे का?”

तिने अंगावर कोट चढवला, ॲप्रनमधलं पुस्तक पिशवीत घातलं आणि ब्रेड आणायला म्हणून बाहेर पडली.

ज्यूंची पुस्तकं शोधायचं हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते टपालामुळे. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षं तिने पिवळ्या सायकलवरून मायनबाख गावचं टपाल वाटलं. गुडघे गेले तेव्हाच उतरली. गावातलं प्रत्येक दार, प्रत्येक कुत्रं आणि प्रत्येकाचं अक्षर तिला ठाऊक होतं. एकदा परदेशातून एक पत्र आलं. पत्त्यात ज्या गल्लीचं नाव होतं ती गल्ली गावात नव्हतीच. तीन दिवस तिने ते पत्र दारोदार फिरवलं. म्हातारी माणसं पाकीट बघत, चष्मा काढत, पुसत आणि म्हणत, “नाही बुवा.” चौथ्या दिवशी चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईने सांगितलं, “लिंडेनगल्ली गं. तिथे ज्यू राहायचे तेव्हा नाव दुसरं होतं. मी सांगितलं म्हणू नकोस.” मी सांगितलं म्हणू नकोस, हे वाक्य त्यानंतर तिने इतक्या वेळा ऐकलं की वहीत त्यासाठी तिने एक खूणच ठरवून टाकली.

मग ती रात्रशाळेत जाऊन हिब्रू अक्षरं शिकली, स्मशानातले दगड वाचू लागली, घरोघर विचारू लागली: माळ्यावर काही जुनी पुस्तकं आहेत का? घाबरू नका, कुणी तुम्हाला काही विचारणार नाही, फक्त परत द्यायचीत. काहींनी दिली. पुष्कळांनी दार लावून घेतलं. दोनदा कुणीतरी सायकलचे टायर फोडले. आणि सहा वर्षांपूर्वी तिच्याच टपालपेटीत एक चिठ्ठी आली, मोठ्या छापील अक्षरांत, कुणाचं अक्षर ते कळू नये अशी: ‘आधी आपल्या घरातली कपाटं बघ.’

तेव्हा तिला तो टोमणा वाटला होता. एवाल्डही हसला होता. आता, पिशवी काखेत दाबून उतारावरून जाताना, तिला कळत होतं की तो टोमणा नव्हता. या गावात कुणाला तरी माहीत आहे. कुणीतरी सहा वर्षं वाट बघतंय, आणि उद्या सगळ्यांसमोर उठून उभं राहील.

“देव भलं करो, गेर्लिंडे!” कुंपण रंगवणारा म्हातारा ओरडला. हा का? “थंडी पडली ना!” गाडीतून उतरणारी बाई म्हणाली. ही? अठ्ठावीस वर्षं जी दारं ती रोज बघत आली होती, त्या प्रत्येक दारामागे आज कुणीतरी उभं होतं.

बेकरीत डोट्झलरबाईने ब्रेड कागदात गुंडाळला.

“उद्या तुमचा समारंभ ना? मी येणार आहे हं. सगळी मिळाली का हो पुस्तकं?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? सगळी मिळाली का, असं विचारलं. अहो, काय झालं? पांढऱ्याफटक पडलात तुम्ही! बसा इथे, पाणी देते.”

“नको, शेगडीवर ठेवून आलेय,” गेर्लिंडे म्हणाली आणि ब्रेड न घेताच निघाली. डोट्झलरबाई ब्रेड घेऊन दारापर्यंत हाका मारत आली.

घरी स्वैपाकघर रिकामं होतं. खिडकीजवळची खुर्चीही रिकामी. इस्त्रीची खोली हीच गेर्लिंडेची अभ्यासाची खोली. तिथे उद्याची अकरा पुस्तकं खोक्यात भरून ठेवलेली होती. ती धावतच गेली.

ओमा खोक्यापाशी स्टुलावर बसली होती. एकेक पुस्तक मांडीवर घेत होती, न उघडता वरून हात फिरवत होती आणि परत ठेवत होती.

“याला नाही कडी,” ओमा म्हणाली. “आपल्यालाच आहे.”

“ओमा, ते ठेवा.”

“कुणासारखी दिसते ती?”

“कोण?”

“आलेली बाई. बेर्टाची लेक ना? बेर्टा लाल केसांची होती. मी तिला वेण्या घालून दिल्यात. एक दिवस तिला इंग्लंडला पाठवून दिली. धाकटा लहान होता, त्याला नाही पाठवता आलं.”

गेर्लिंडे दारातच उभी राहिली. पस्तीस वर्षांत हे नाव ओमाच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. एकोणीस वर्षं शेजारच्या खोलीत बसून ती याच मुलीबद्दल वहीत लिहीत आली होती.

“हे बघ गेर्लिंडे, तिला असं सांग. बेर्टाच्या आईनं, रोझा हिर्शमाननं, जायच्या आदल्या दिवशी पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाली, सांभाळ, आम्ही येईपर्यंत. मी सांभाळलं. बघ, एक डाग नाही. असं सांगितलंस की तिलाही बरं वाटेल, एवाल्डलाही. पानसुद्धा कापायला नको.”

“खरंच दिलं होतं?”

गेर्लिंडेच्या वहीत हे वाक्य चौतीस घरांतून आलेलं होतं. आमच्याकडे सांभाळायला दिलं होतं. चौतीस वेळा तिने ते जसंच्या तसं उतरवलं होतं, मान डोलावली होती, कॉफी प्यायली होती. काही ठिकाणी ते खरंही असेल. आता तिला वाटलं, नुसतं हो म्हणावं. ओमा आणखी किती वर्षं जगणार? हो म्हटलं की भीती इथेच संपली.

“ओमा, मी तुम्हाला एकदाच विचारतेय.”

“त्यांचं दार उघडं होतं,” ओमा अखेर म्हणाली. डोळ्यावरच्या पट्टीला ती बोटाने चाचपत राहिली. “सगळे जात होते. माझे दिवस भरत आलेले. दुपटी मिळतील म्हणून गेले. टेबलावर बश्या तशाच होत्या, सूप वाळलेलं. लोक मला धक्के देत घड्याळं नेत होते, गाद्या नेत होते. मला भीती वाटली, म्हणून हाताला आलं ते उचललं आणि पळाले. घरी येऊन पाहिलं तर हे. परत ठेवायचं तर पुन्हा त्या घरात जायला हवं. मी गेले नाही.” आणि पुढे म्हणाली, “तेव्हापासून दारावर अनोळखी थाप पडली की मी आधी कपाट बघते. तू पत्रं घेऊन फिरायचीस ना, तुझ्या पिशवीचीसुद्धा भीती वाटायची मला.”

“मग त्यात मुलांची नावं का लिहिलीत?”

“नाव लिहिलं की आपलं होतं, असं वाटलं.”

गेर्लिंडेने पिशवीतून पुस्तक काढलं. तिर्झाने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं: आई गेल्या वर्षी गेली. धाकट्या भावाचा वाढदिवस तिला आठवत नसे, आणि ते तिला शेवटपर्यंत खात राहिलं. गावाच्या दप्तरात मिळेल का? दप्तर युद्धात जळालं होतं. गेर्लिंडेने तसं कळवलंही होतं, मिळणार नाही म्हणून. आता ती तारीख तिच्या हातात होती. पान कापलं तर तिर्झाला तारीख मिळेल, पण बाजूला कापल्याची कड राहील, आणि कड कुठून आली हे सांगायला एक खोटं लागेल. रोझाचं नाव घेऊन सांगितलं तर खोटं त्या बाईच्या तोंडी जाईल, जिला आता नाही म्हणता येत नाही.

ती बाहेरच्या खोलीत गेली आणि हॉटेलला फोन लावला. तिर्झा जर्मन बोलत होती ती याच खोऱ्यातली, जुन्या काळची, आता फक्त ओमाच्या वयाची माणसं बोलतात तशी. गेर्लिंडेने दोन वाक्यं सांगितली, वेळ सांगितली, पत्ता सांगितला. फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली.

एवाल्ड मागच्या अंगणातून आत आला. त्याच्या हातात बारीक पात्याची सुरी होती, नुकतीच धार लावलेली. ओमा भिंतीला धरत धरत स्वैपाकघरात येऊन खुर्चीत बसली होती. परातीतले बटाटे गार झाले होते.

“आण इकडे,” एवाल्ड म्हणाला. “पाच मिनिटांचं काम आहे.”

गेर्लिंडेने पुस्तक टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि दोन्ही हात बाजूला घेतले.

“पुस्तक उद्या जाईल आणि पुरं जाईल,” ती म्हणाली. “आपल्या पानासकट. तिर्झा नऊ वाजता इथे येतेय, नगरपालिकेच्या आधी, या टेबलाशी. ओमा, दार कसं उघडं होतं ते तुम्ही तिला सांगा. तुम्हाला नाही जमलं तर मी सांगेन. एवाल्ड, तुला घरात थांबायचं नसेल तर थांबू नकोस.”