उजवीकडच्या जाळा

माझी आजवरची सर्वोत्तम कलाकृती पचायला थोडी जड गेली. हे मत माझं नाही, माझा धाकटा भाऊ संजू याचं आहे. त्याने त्या दिवशी वांग्याच्या भाजीबरोबर इतके रोडगे हाणले होते की कलेला दोष देण्याआधी त्याने तुपाचा विचार करायला हवा होता. पण कलेला नावं ठेवणं सोपं असतं.

मी अमरावतीला राजापेठेत चित्रकलेचा क्लास घेते. एका बाजूला गणिताचा क्लास, दुसऱ्या बाजूला फिजिक्सचा, आणि मध्ये मी. माझ्याकडे दोन प्रकारची मुलं येतात. एक, ज्यांची भावंडं शेजारी गणित शिकत असतात आणि तोवर ह्यांना कुठे तरी ठेवायचं असतं. दुसरी, ज्यांना दहावीला चित्रकलेच्या परीक्षेचे वाढीव गुण हवे असतात (ते मिळाले की कलावंताचा अवतार तिथेच संपतो). पण चारदोन पोरं अशीही असतात की ज्यांच्या हातात ब्रश दिला की घरी जायचं नाव काढत नाहीत. त्यांच्यासाठी मी हा उद्योग चालवते.

त्या वर्षी फिजिक्सच्या सरांचा क्लास फुगला आणि त्यांना माझी खोली हवी झाली. घरमालक म्हणाले, ‘‘मॅडम, उन्हाळ्यापर्यंत पाहून घ्या दुसरीकडं.’’ राजापेठेत दुसरीकडे पाहणं म्हणजे नुसतं पाहणंच. क्लास बंद पडणार हे मला दिसत होतं आणि पोरांना सांगायची हिंमत होत नव्हती.

अशात पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात दिसली. कलाशिक्षक आणि वस्तीत काम करणारे कलावंत यांच्यासाठी वर्षभराची शिष्यवृत्ती. आपल्याच गावात क्लासच्या खोलीचं भाडं, साहित्य, शिवाय शिकवायला बाहेरून मोठे कलावंत. अट एकच, वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन केलेलं एक काम प्रत्यक्ष दाखवायचं. असल्या संधींसाठी मी यापूर्वीही अर्ज केले होते आणि ‘आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा’ या वाक्याचा माझ्याकडे चांगलाच साठा झाला होता. तरी या वेळी मी पहिल्या चाळणीतून खाली पडले नाही. परीक्षक काम पाहायला येणार होते.

काम होतं गोवऱ्यांचं. गोवरी थापणाऱ्या बाईची बोटं गोवरीवर उमटतात, हे सगळ्यांनी पाहिलंय आणि कुणीच पाहिलेलं नाही. अकोल्याला जठारपेठेत माझ्या वडिलांच्या घराला मागे मोठं आंगण आहे, मागच्या गल्लीत दोन घरी म्हशी आहेत. गल्लीतल्या बायकांनी गोवऱ्या थापल्या, माझ्या राजापेठेच्या पोरांनी दोन रविवार एसटीने येऊन ओल्या गोवऱ्यांवर काडीने त्या बायकांचे चेहरे कोरले. वाळल्यावर गेरू, चुना आणि हळदीने रंगवले. या गोवऱ्यांची एक उंच कमान उभी करायची, खालून माणसाने जायचं आणि सगळी गल्ली त्याच्याकडे बघणार. मला तर सुचल्या दिवसापासून झोप नव्हती.

बाबांना मात्र कमानीपेक्षा पाहुण्यांची काळजी. बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यभर लोकांना वेळेवर पोचवलं, आता आलेल्या माणसाला वेळेवर जेवू घालतात.

‘‘पुन्याचे पावने येऊन राहिले अन् तू त्याईले काय दाखवशीन? गोवऱ्या?’’

‘‘हो बाबा. कलाकृती आहे ती.’’

‘‘असंन. पन जेवाले काय?’’

‘‘चहा-बिस्किट पुरे.’’

बाबा माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की जणू मी एसटी घाटात न्यूट्रलमध्ये टाकलीय. ‘‘बिस्किट? आपल्या घरी? रोडगे करू. महादेवरावाले सांगतो.’’

महादेवराव म्हणजे शेजारचे काका. गल्लीत रोडग्यांचा कार्यक्रम असला की विस्तवाचा ताबा त्यांच्याकडे. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, ते निखाऱ्यांत भाजायला गोवऱ्या हव्यात, आणि कमानीच्या गोवऱ्यांना हात लावायचा नाही हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी अकोटच्या माझ्या आत्याकडून जाळायच्या गोवऱ्यांचं पोतं मागवलं. (एवढ्या समंजस घरात घोटाळा होऊच कसा शकतो, असं तुम्हाला वाटत असेल. त्यासाठीच मी होते.)

आदल्या दिवशी संध्याकाळी असा वारा सुटला की कमान डुलायला लागली. मी ती उतरवून घेतली, रंग घासू नये म्हणून चेहऱ्याला चेहरा लावून गोवऱ्या रचल्या आणि आंगणात डावीकडे भिंतीशी पोत्यांखाली झाकून ठेवल्या. अकोटच्या गोवऱ्या उजवीकडे, टिनाच्या शेडखाली. सकाळी पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला निघताना मी सगळ्यांना आंगणात उभं केलं.

‘‘नीट ऐका. उजवीकडच्या जाळा. डावीकडच्यांना कुणी बोट लावायचं नाही. पाहुणे आले की त्यांच्यासमोर कमान रचू.’’

‘‘ताई, पन...’’ संजू म्हणाला.

‘‘पण नाही! उजवीकडच्या जाळा.’’

‘‘अवं, माहं ऐकून तं...’’

‘‘संजू, आज मला कुणाचं काही ऐकायचं नाहीये. काका, कुठल्या जाळायच्या?’’

‘‘उजवीकडच्या,’’ काका म्हणाले.

‘‘बाबा?’’

‘‘उजवीकडच्या. जाय तू, गाडी येईन.’’

ऑटोत बसताना मला माझंच कौतुक वाटत होतं. व्यवस्थापन यालाच म्हणतात.

परीक्षक दोघं होते. एक साठीच्या मॅडम, कमी बोलणाऱ्या, आणि एक तरुण गृहस्थ, ज्यांच्या गळ्यात कॅमेरा होता आणि चेहऱ्यावर रात्रीचा प्रवास. ऑटोत मी त्यांना श्वास घेऊ दिला नाही. रंग पूर्ण नैसर्गिक आहेत. केमिकलचा थेंब नाही. गोवऱ्या कडक उन्हात आतपर्यंत वाळवल्यात. रचना अशी आहे की मधून हवा खेळती राहते. मॅडम मान हलवत होत्या. आता वाटतं की मी कलाकृतीचं वर्णन करत नव्हते, सरपण विकत होते.

घराच्या कोपऱ्यावर वळलो तर वांग्याच्या भाजीचा वास. ‘‘अहाहा,’’ कॅमेरावाले पहिल्यांदाच बोलले. आंगणात सगळी गल्ली जमली होती, पाहुणे बघायला आणि जेवायला. एका अंगाला काका लांब काठीने निखारे सारखे करत होते. बाबा हात मागे बांधून विस्तवाकडे कौतुकाने पाहत होते.

मी पाहुण्यांना डावीकडे नेलं. सगळ्यांना शांत केलं. कॅमेरा सुरू झाला. ‘‘हे माझं नाही, या गल्लीचं काम आहे,’’ असं म्हणून मी पोती ओढली.

खाली गोवऱ्या होत्या. मी वरची उलटी केली. साधी. दुसरी उलटी केली. तीही साधी. मग मी कोंबडीने उकिरडा उकरावा तशी तो ढीग उकरू लागले. नाक नाही, डोळा नाही, कपाळावर कुंकू नाही. अकोटच्या आत्याच्या अगदी निर्मळ गोवऱ्या. कॅमेरा सुरूच होता.

मी उजवीकडे पाहिलं. शेड रिकामं होतं.

‘‘काका,’’ मी निखाऱ्यांकडे बोट दाखवलं, ‘‘या गोवऱ्या कुठून घेतल्या?’’

‘‘उजवीकडून. तुमीच सांगतलं ना.’’

‘‘त्यांच्यावर चेहरे होते!’’

‘‘व्हय, होते ना,’’ काका शांतपणे म्हणाले. ‘‘एक तं हुबेहूब कमलाबाई होती. म्या म्हटलं, पुन्याचे पावने हायेत, गोवऱ्याई सजवल्या असतीन. लग्नात आपन नारळ सजवतो, सुपारी सजवतो, रुखवतात काय काय ठेवतो. अन् रंग पोटात गेला तं, असं मी तुमच्या बाबाले इचारलं बी.’’

‘‘मले वाटलं, कमानीतून उरलेल्या असतीन. मंग म्या सांगतलं का पोरगी म्हने रंग नैसर्गिक हाये,’’ बाबा म्हणाले. ‘‘अन् शुभे, खरं सांगतो, अशा गोवऱ्या मी जिंदगीत नाही पाह्यल्या. धूर नाही, धुपट नाही, काही नाही.’’

संजू कोपऱ्यात उभा होता. ‘‘ताई, मी सकाळपासून तेच सांगून राहिलो होतो. डाव्या भिंतीवर बाजूवाल्याची टाकी रोज सकाळी वाहते. तुह्या गोवऱ्या भिजतीन म्हनून म्या पहाटेच त्या शेडात ठेवल्या अन् अकोटच्या इकडं आनून पोत्याईखाली झाकल्या. मंग वांगे आनाले गेलो, येऊन पाह्यतो तं काकाईनं पेटवलं होतं. तू बोलूच कुठं देऊन राहिली होती?’’

आता माणसाने अशा वेळी काय करावं? खरं बोलावं. मी काय केलं? मी पाहुण्यांकडे वळले, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘तर, या कलाकृतीचा शेवटचा टप्पा असा आहे की ती... अग्नीच्या माध्यमातून... समाजात विलीन होते.’’

‘‘काय इलीन?’’ बाबा म्हणाले. ‘‘काहून खोटं बोलतं वं? मॅडम, चुकून जाळलं जी तिनं. मुद्दाम काहून जाळीन? महिनाभर राबली हाये पोरगी. तिचा क्लास जाऊन राहिला, त्याच्यासाठी चाललं होतं हे सारं.’’

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला रडू येत होतं, आणि रडताना तोंडाला वांग्याच्या वासाने पाणी सुटत होतं, हे त्याहून लाजिरवाणं. राजापेठेच्या पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. त्यांना काय सांगणार होते? की तुमचं काम परीक्षकांना फार आवडलं, त्यांनी दोनदा वाढून घेतलं?

तेवढ्यात काकांनी काठीने कडेच्या काही अर्धवट जळलेल्या गोवऱ्या बाहेर ओढल्या. ‘‘घ्या, ह्या वाचल्या.’’ आणि आंगणात भांडण पेटलं.

‘‘ही माही हाये,’’ कमलाबाई पुढे झाल्या.

‘‘तुही कशी? हे नाक पाह्य. असं नाक हाये तुले?’’ वच्छलाबाईंनी पदर खोचला.

‘‘नाक त्या पोट्टीनं काहाडलं. थापली म्या हाये.’’

‘‘थापली माह्या हातानं. माही करंगळी वाकडी हाये, साऱ्या गल्लीले ठाऊक हाये.’’

त्यांच्याबरोबर बाकीच्या बायकाही वाकून राखेत आपापलं शोधू लागल्या. विस्तवाच्या कडेला एक गोवरी पूर्ण जळूनही तशीच्या तशी राहिली होती. नुसती पांढरी राख, पण आकार शाबूत, आणि वर चार बोटं स्पष्ट. वच्छलाबाईंनी तिच्यावर, न टेकवता, आपला हात धरला. वाकड्या करंगळीसकट बरोबर बसला. भांडण आपोआप थांबलं. कमलाबाईसुद्धा म्हणाल्या, ‘‘हाये बाप्पा, तुहीच हाये.’’ मॅडम खाली वाकून बघत राहिल्या. कॅमेरावाले गुडघ्यावर बसले, श्वास रोखून नेम धरला...

‘‘मॅडम, सरका जराशा,’’ महादेवराव काका म्हणाले, ‘‘रोडगा जळून राहिला,’’ आणि त्यांची काठी त्या राखेच्या हातातून आरपार गेली.

मग जेवणं झाली. दुसरं करण्यासारखं उरलंच नव्हतं. बाबांनी मॅडमच्या रोडग्यात तुपाची धार धरली, मॅडम ‘पुरे’ म्हणाल्या, आणि आमच्याकडे पुरे म्हणजे आता सुरू करा. बाबांनी माझ्या ताटातही एक रोडगा फोडला. ‘‘खाय. उपाशी राहून तुह्या गोवऱ्या वापस येनार हायेत का?’’ मी खाल्ला. दुर्दैवाने अप्रतिम होता. वच्छलाबाई उरलेली राख भांडी घासायला घमेल्यात भरून घेऊन गेल्या. माझ्या महिनाभराच्या कामातून संध्याकाळपर्यंत आंगणात एक काळा डाग तेवढा उरला.

मी अमरावतीला परतून पोरांना खरं ते सांगितलं. एकजण म्हणाली, ‘‘मॅडम, आमाले काहून नाही बोलावलं जेवाले?’’ मी खोलीतली चित्रं उतरवायला घेतली. फिजिक्सचे सर फळा कुठे लावायचा ते मापून गेले.

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. मी शुभेच्छांच्या वाक्याची तयारी करून बसले होते.

‘‘आम्ही बरीच कामं पाहिली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कामं सुंदर होती, पण यातली वस्ती कुठेय असं विचारलं की कुणी तरी तिला बोलवायला जायचं. तुमच्याकडे कामच नव्हतं. वस्ती मात्र काठीने बाजूला सारावी लागत होती. शिष्यवृत्ती तुम्हाला देतोय.’’

मी फोनवर रडले. या वेळी वांग्याचा वास नव्हता, म्हणून नीट रडता आलं. शिष्यवृत्तीतून घरमालकांना वाढीव भाडं दिलं आणि खोली राहिली. फिजिक्सच्या सरांना फळा वरच्या मजल्यावर न्यावा लागला.

वर्षाच्या सुरुवातीला तशीच कमान नव्या गोवऱ्यांची राजापेठेत पुन्हा उभी केली. उद्घाटनाला अकोल्याहून सगळी गल्ली आली, आणि कमानीखालून जाताना प्रत्येकाच्या हातात वांग्यांची पिशवी होती. ‘‘पेटवाचं कवा?’’ असं काकांनी मला मुख्य पाहुण्यांसमोर विचारलं. बातमी राजापेठेत पसरायला वेळ लागला नाही. क्लास आता जोरात चालतो, पण दर आठवड्याला कुणी तरी पालक दारात उभे असतात.

‘‘मॅडम, ड्रॉइंगचं ठीक आहे. रोडग्यांची बॅच कधी सुरू करता?’’

त्यांना कसं सांगू? रोडगे मला येतच नाहीत. मला फक्त गोवऱ्या जाळता येतात, आणि त्याही चुकीच्या.