माझ्या रेडिओतला व्हॉल्व्ह

झाशीच्या सीपरी बाजारातल्या दुकानदाराने रेडिओचा काळवंडलेला काचेचा व्हॉल्व्ह उजेडाकडे धरून पाहिला आणि परत केला. "भाईसाहब, ये तो अब मिलने से रहा. दूसरा दे देता हूँ, बिठाना आपको पड़ेगा." त्या दुसऱ्याच्या पिना निराळ्या होत्या. तरीही मी तो घेतला.

रेडिओ दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा. तो गेल्यावर वहिनी झाशीतले घर आवरून कायमच्या मुलीकडे पुण्याला निघाल्या होत्या. जाण्यापूर्वी या घरात तो बंद पडलेला रेडिओ एकदा वाजलेला ऐकावा, एवढेच त्यांनी माझ्याजवळ मागितले.

तसाच रेडिओ माझ्याही घरी आहे. दादानेच भंगारातून दोन सारखे उचलले, दुरुस्त केले आणि एक मला दिला. एकाचे काही बिघडले की दुसऱ्यातून काढून लावायचे, हा त्याचा रिवाज. माझा बंद पडला की तो आपला व्हॉल्व्ह काढून आणून देई, आणि नवा मिळेपर्यंत त्याचा रेडिओ मुका राही. "जुळे आहेत रे, रक्त एकच," म्हणून हसे.

हे सारे आठवत असूनही मी बाजारात गेलो. माझा रेडिओ एकदा उघडला तर पुन्हा नीट जुळणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली. खरे तर आपले काही उणे होऊ नये, एवढेच मला हवे होते.

नवा व्हॉल्व्ह बसावा म्हणून मी दादाच्या रेडिओतले पिना खोचायचे जुने सॉकेट कापून काढले. ते हातातच भुगा झाले. दुसरे जोडले, तारा फिरवल्या. रेडिओ बोलू लागला, पण घोगरा, घसा बसल्यासारखा. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "छान झालाय हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. पाहुण्याने अळणी भाजीला म्हणावे तसे. मग पुन्हा भांडी बांधू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या रेडिओतला व्हॉल्व्ह काढला. तो हातात असतानाच लक्षात आले, की दादाच्या रेडिओत त्याला बसायला जागाच मी ठेवलेली नाही. तेव्हा तो परत लावून माझा अख्खा रेडिओच वहिनींकडे नेला. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"हा तुमचा. घरी न्या. मी ह्यांचाच नेणार."

"पण वहिनी, त्याचा आवाज..."

"शेवटी शेवटी ह्यांचाही तसाच झाला होता."

प्रवासात सैल होतील म्हणून मी दादाच्या रेडिओतले व्हॉल्व्ह काढून कापसात गुंडाळणार होतो. वहिनींनी थांबवले.

"राहू देत आतच. तिथे पुन्हा बसवून कोण देणार?"

मी मागचे झाकण लावले आणि रेडिओ रजईत बांधला.